८ जीबी रॅम पुरेल का? पस्तीस हजारांच्या लॅपटॉपचा नऊ महिन्यांचा हिशेब

लेकीचं बी.एस्सी. आयटीचं पहिलं वर्ष सुरू होणार होतं म्हणून मे २०२५ च्या शेवटी लॅपटॉप घेतला. इंटेल आय३-१२१५यू, ८ जीबी रॅम (चालू कामाचं सामान ठेवायची जागा), ५१२ जीबी एसएसडी (फायली कायमच्या साठवायची जागा), १५.६ इंची स्क्रीन, ३४,९९० रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एक तर पुढे थोडी कुरकूर करणार आहे, आणि दुसरं म्हणजे नावाने काही कळत पण नाही हो, एकाच नावाच्या लॅपटॉपचे चार-चार प्रकार असतात, शेवटचे दोन-तीन आकडे-अक्षरं बदलली की आतलं सामान वेगळं. हे मला दुकानात जाईपर्यंत माहीत नव्हतं.

स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी यांचं आधीच उरकते. स्क्रीन फिकट आहे, खिडकीकडे तोंड करून बसलं की आपलंच थोबाड दिसतं. कीबोर्ड चांगला, नंबरपॅड आहे म्हणून मी खूश (मी घरून दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचं काम करते, नंबरपॅड नसेल तर हात बांधल्यासारखं होतं). बॅटरी साडेचार-पाच तास, चार्जर वीट. स्पीकर आहेत एवढंच. पस्तीस हजारांत यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हतीच. खरा वाद झाला तो रॅमवरून, आणि पहिला लॅपटॉप घेणारे सगळेच मला तेच विचारतात, आठ घेऊ की सोळा, म्हणून हे लिहितेय.

आधी घरातला जुना किस्सा. आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन सेलमध्ये एक लॅपटॉप घेतला. रायझन ३ ७३२०यू, ८ जीबी, पातळ, हलका, दिसायला एकदम झकास. पहिले सहा महिने कौतुक, मग ऑफिसचं काम घरी यायला लागलं, एका बाजूला मीटिंग, दुसरीकडे मोठी एक्सेल, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, आणि लॅपटॉप हुं की चूं करेना. भाऊजी म्हणाले रॅम वाढवून टाकू, हजार-दोन हजाराचा प्रश्न. डोंबिवलीतल्याच एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने मागचं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि झाकण परत लावलं. म्हणाला, "साहेब, यात स्लॉटच नाहीये. रॅम बोर्डावर सोल्डर केलीय." स्लॉट म्हणजे स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, बसवायची खाच. प्रोसेसरचा दोष नाही, पण त्या ७०२० सिरीजचे प्रोसेसर फक्त एलपीडीडीआर५ जातीची रॅम घेतात आणि ती कारखान्यातच बोर्डावर चिकटवलेली येते. घेताना जेवढी, जन्मभर तेवढी. जाहिरातीत हे कुठे लिहिलेलं नव्हतं असं नाही, लिहिलेलं होतं, "एलपीडीडीआर५" असं ढळढळीत लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ आम्हाला कळत नव्हता एवढंच.

म्हणून या वेळी भाऊजी माझ्यासोबत आले, पोळलेला माणूस बरोबर असलेला बरा. "वहिनी, आठ-सोळा नंतर बघू," डोंबिवलीहून दादर, दादरला बदलून स्लो पकडून ग्रँट रोड, त्या गर्दीत उभ्या उभ्या मला सांगत होते, "आधी स्लॉट विचारा. स्लॉट आहे का, रिकामा आहे का, एवढंच."

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोडजवळच्या कॉम्प्युटरच्या बाजारात, ज्यांनी खरेदी केलीय त्यांना माहितीये, तिथे प्रश्न विचारायला लाज वाटून चालत नाही. पहिल्या दुकानात एका मुलाने "हो मॅडम, एक्स्पांडेबल आहे, बत्तीसपर्यंत जाते" असं न बघताच सांगितलं. भाऊजी म्हणाले, दाखव. डेमोचा लॅपटॉप चालूच होता, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं, टास्क मॅनेजर (कॉम्प्युटरवर काय किती चाललंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं. उजवीकडे खाली बारीक अक्षरात "फॉर्म फॅक्टर" लिहिलेलं असतं, तिथे होतं "रो ऑफ चिप्स". म्हणजे सोल्डर. तो मुलगा बिचारा खोटं बोलत नव्हता, त्यालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दुकानात दुसऱ्या लॅपटॉपवर "एसओ-डिम" आणि "स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २" असं दिसलं, म्हणजे सुटी स्टिक, आणि दोन खाचा, एक भरलेली, एक मोकळी. तिथेच पैसे दिले. खाली चिकटवलेला पूर्ण मॉडेल नंबर, त्या शेपटासकट, भाऊजींनी फोनवर कंपनीच्या साइटवर टाकून पण बघितला, तिथेही दोन स्लॉट लिहिलेले. हे दोन मिनिटांचं काम आहे, करा.

अजून एक भानगड असते ती मला त्या दुकानदाराने सांगितली. काही लॅपटॉपमध्ये एकच स्लॉट असतो आणि त्यातच ८ जीबी बसवलेली असते, तिथे वाढवायचं तर ती आठची स्टिक काढून ड्रॉवरमध्ये टाकायची आणि सोळाची नवी घ्यायची, म्हणजे आठचे पैसे पाण्यात. काहींमध्ये चार किंवा आठ बोर्डावर चिकटवलेली आणि शिवाय एक स्लॉट, ते चालतं. त्यामुळे नुसतं "अपग्रेडेबल" हा शब्द ऐकून हुरळून जायचं नाही.

याच मॉडेलचा सोळावाला तेव्हा ३९,९९० ला होता. पाच हजारांचा फरक. आणि सुटी ८ जीबीची स्टिक तेव्हा दोन हजारांच्या आसपास मिळत होती. हिशेब करायची सवय असल्यामुळे माझा निर्णय तिथेच झाला, आठ घ्यायचा, वापरून बघायचा, गरज लागली तर दोन हजारांत सोळा करायचा, तीन हजार वाचले. (हा हिशेब आता लागू नाही, त्याबद्दल पुढे सांगते, इथे वाचून लगेच ऑर्डर टाकू नका.)

आता आठवर काय होतं ते सांगते. नवा लॅपटॉप चालू केला, काही न उघडता टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर ७.७ पैकी ४.३ जीबी आधीच वापरात. आठ घेतली तर ७.७ का, तर असल्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड नसतं, आत बसलेलं ग्राफिक याच रॅममधून आपला वाटा बाजूला काढतं. भाऊजींच्या रायझनमध्ये तर ७.२ च दिसते. आणि बसल्या बसल्या ४.३ खाणारं कोण, तर विंडोज स्वतः, त्यात महिनाभर फुकट मिळणारं अँटीव्हायरस, लॅपटॉप कंपनीची तीन-चार आपली अ‍ॅप्स, आणि चॅटिंगची अ‍ॅप्स जी न विचारता चालू होतात. अँटीव्हायरस उडवलं (विंडोजचं आपलं डिफेंडर असतं, घरगुती वापराला तेवढं पुरतं), स्टार्टअपमधून नको ती बंद केली, तर ३.५ वर आलं. पाऊण जीबी फुकटात वाचलं, एवढं सगळ्यांनी करावं, रॅम कितीही असो.

जून-जुलै काहीच त्रास नव्हता, खरं सांगते. लेकीचे लेक्चरचे पीडीएफ, वर्ड, यूट्यूब, पायथन शिकायला एक छोटं एडिटर, माझं टॅली आणि एक्सेल आणि जीएसटी पोर्टल. सहा जीबीच्या पुढे क्वचित जायचं. मला वाटायला लागलं की लोक उगाच सोळा सोळा करतात. टॅलीला तर काहीच लागत नाही, माझ्या क्लायंटच्या दुकानात ४ जीबीच्या मशीनवर वर्षानुवर्षं चाललंय. जर घरात एकच माणूस लॅपटॉप वापरणार असेल आणि काम म्हणजे टायपिंग, बिलं, बँक, सिनेमे एवढंच असेल तर आठ आजही पुरते, हे मी छातीठोक सांगते, आणि जो याला नाही म्हणतो त्याला आधी विचारा की तो काय करतो.

मग ऑगस्टमध्ये कॉलेजात लिनक्सचं (विंडोजसारखीच दुसरी एक सिस्टिम) प्रॅक्टिकल लागलं. सरांनी सांगितलं व्हर्च्युअलबॉक्स टाका आणि त्यात उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाका. म्हणजे काय तर विंडोजच्या पोटात दुसरा एक कॉम्प्युटर चालवायचा, आणि त्या पोटातल्याला आपल्या रॅममधून कापून वाटा द्यायचा. उबुंटूच्या डेस्कटॉपला तेव्हा ४ जीबी द्या म्हणायचे. आता मांडा हिशेब, ७.७ मधून ४ गेली, राहिली ३.७, आणि विंडोजलाच ३.५ लागते. ब्राउझरला उरली जेमतेम दोनशे एमबी. लेकीने उबुंटू चालू केलं, त्यातल्या कमांड बघायला शेजारी सरांची पीडीएफ उघडली, आणि लॅपटॉपने मान टाकली.

मान टाकली म्हणजे नेमकं काय ते मी शेजारी बसून बघत होते. बंद नाही पडला. बाण हलत होता, पण क्लिक केलं की चार सेकंदांनी उघडायचं. की दाबली की अक्षरं गोळा होऊन एकदम यायची, पाच-सहा एकत्र, मालगाडीच्या डब्यांसारखी. पंखा घरघरायला लागला. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९६ टक्के आणि खालची डिस्कची रेघ शंभराला टेकलेली. होतं असं की रॅममध्ये जागा उरली नाही की विंडोज त्यातलं काही सामान उचलून एसएसडीवर ठेवतं आणि लागलं की परत आणतं, ओट्यावर जागा नाही म्हणून पोळपाट माळ्यावर ठेवायचा आणि प्रत्येक पोळीला स्टूल लावून खाली काढायचा, तसं. एसएसडी असल्यामुळे निदान हललं तरी, जुनी हार्डडिस्क असती तर चहा करून, पिऊन, भांडं घासून आलो असतो तरी पीडीएफ उघडली नसती. "आई, हे असं असेल तर मी प्रॅक्टिकल कॉलेजातच करीन," लेक म्हणाली, तिचा चेहरा बघून मला वाचवलेले तीन हजार आठवले.

आधी फुकटचे उपाय करून बघितले. उबुंटूला ४ ऐवजी २ दिली, ते रडतखडत चाललं. उबुंटूचं खिडक्या-चित्रांवालं रूप सोडून नुसती काळी टर्मिनलवाली सर्व्हर आवृत्ती टाकली, १ जीबीत मस्त चालली, आणि सरांना पण चालली कारण कमांडच शिकायच्या होत्या. क्रोममध्ये मेमरी सेव्हर म्हणून सोय आहे, ती चालू केली, बाजूला पडलेले टॅब झोपवतं. क्रोम प्रत्येक टॅब शक्यतो वेगळा ठेवतं, म्हणजे एक कोसळला तरी बाकीचे राहतात, ती सोय चांगलीच आहे पण तिची किंमत रॅममध्ये मोजायची असते. या सगळ्याने काम भागलं असतं का, तर भागलं असतं. पण घरात एक मशीन आणि वापरणारे तीन, लेकीचं उबुंटू बंद करून मी एक्सेल उघडायची, मग आठवीतले चिरंजीव येऊन माइनक्राफ्ट, रोज भांडण. गणपतीच्या आधी ठरवलं, स्टिक आणू.

स्टिक घेताना काय बघायचं ते सोपं आहे पण चुकलं तर फुकट फेरी. टास्क मॅनेजर वेग दाखवतो, आमच्यात ३२००, आणि जात डीडीआर४. डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसतच नाही, खाच वेगळ्या ठिकाणी असते, पिना पण २६० आणि २६२. दुकानात सांगताना "लॅपटॉपची" म्हणून सांगायचं, डेस्कटॉपची स्टिक लांब असते. क्रुशलची ८ जीबी ३२०० ची घेतली, २,१०० रुपये, बिल आणि वॉरंटी घेऊन. दुकानदार म्हणाला लॅपटॉप आणला असतात तर बसवून दिली असती, पण लॅपटॉप लेकीने सोडला तर ना.

वॉरंटीची भीती होती. कंपनीला आधी ईमेल केला की झाकण उघडून रॅम टाकली तर वॉरंटी जाते का, दोन दिवसांनी उत्तर आलं की रॅम टाकायला हरकत नाही, पण उघडताना काही मोडलं तर ते तुमचं. लेखी आहे, जपून ठेवलंय. सगळ्या कंपन्या असं म्हणतीलच असं नाही, काही स्क्रूवर स्टिकर लावतात, त्यामुळे आपापल्याला विचारा.

डायनिंग टेबलावर सतरंजी टाकली, वर लॅपटॉप पालथा. आधी पूर्ण शटडाऊन, चार्जर काढला. दहा स्क्रू, सात मोठे तीन बारीक, एका वाटीत मोठे, एका वाटीत बारीक. झाकणाला कडेने हूक असतात, ते स्क्रू काढूनही सुटत नाही, तिथे स्क्रूड्रायव्हर घातला की प्लॅस्टिक चावलं जातं, म्हणून जुनं एटीएम कार्ड घालून कडेकडेने सरकवत गेलो, टक, टक, टक, प्रत्येक टकला माझा जीव वर. आत बघितलं तर बॅटरीच केवढी मोठी, अर्धा डबा तीच. लेकीने व्हिडिओत बघून बॅटरीची वायर आधी सोडवली, हे महत्त्वाचं आहे, आणि स्टीलच्या नळाला हात लावून आली, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून. रॅमची जागा काळ्या टेपखाली होती. मोकळ्या स्लॉटमध्ये स्टिक तिरकी घालायची, सोनेरी कड दिसेनाशी होईपर्यंत आत, मग हळूच खाली दाबायची, दोन्ही बाजूंचे धातूचे कान कट्ट करून बसतात. तो कट्ट आवाज आला की झालं. पाच मिनिटांचं काम, उघडायला वीस मिनिटं.

चालू केला तर काळी स्क्रीन. पंधरा सेकंद, वीस, तीस. लाइट लागलेला, पंखा फिरतोय, स्क्रीनवर काही नाही. घरात कोणी बोलेना. मी मनात पस्तीस हजार अधिक दोन हजार शंभर अशी बेरीज करून मोकळी झाले होते, आणि मग पाऊण-एक मिनिटाने कंपनीचा लोगो आला. नंतर कळलं की नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा मशीन तिची ओळख करून घेतं, वेळ लागतो, तेवढ्यात घाबरून बटण दाबून बंद करायचं नाही. हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून मी तुम्हाला सांगतेय.

सोळावर सगळ्यात पहिली गंमत अशी की काहीही न उघडता वापर ३.५ वरून ५.२ झाला. लेक म्हणाली आई फसवलं, रॅम वाढवली आणि हाच खायला लागला. तसं नसतं, मोकळी जागा असली की विंडोज अ‍ॅप्सचं सामान हाताशीच राहू देतं, उगाच काढून घेत नाही, आणि दुसऱ्याला गरज लागली की सोडवून घेतं. म्हणून सोळावाल्याच्या स्क्रीनशॉटमध्ये आठ वापरात दिसतात याचा अर्थ आठवाल्याचं अडेल असा नाही, असे स्क्रीनशॉट दाखवून लोक घाबरवतात. खरा आकडा बघायचा तो त्याच पानावरचा "कमिटेड". तिथे दोन आकडे असतात, पहिला आपल्या सगळ्या अ‍ॅप्सनी मिळून मागितलेली मेमरी. तुमच्या आत्ताच्या कॉम्प्युटरवर, नेहमीचं सगळं उघडं असताना, तो पहिला आकडा बघा. सहाच्या आत असेल तर आठ पुरेल. नऊ-दहा असेल तर आठ घेऊ नका, कोणी कितीही सांगू दे. लेकीचा, उबुंटू आणि ब्राउझर आणि मीटिंग धरून, साडेअकरा येतो. माझा कामाच्या गर्दीतही सात.

उबुंटूला आता ४ दिलीय, शेजारी पीडीएफ, ब्राउझर, गाणी, काही जाणवत नाही. माझ्या कामात मात्र, प्रामाणिकपणे, काहीच फरक पडला नाही. रॅम वाढवल्याने लॅपटॉप फास्ट होतो हा गैरसमज आहे, कमी पडत होती ती कमी पडायची थांबते एवढंच, आधीच पुरत असेल तर दोन हजार टाकून काही मिळत नाही. अपवाद चिरंजीवांचा, त्याचा गेम आधीपेक्षा सरळ चालतो. त्याचं कारण वेगळं, एका स्टिकवर रॅमचा एकच रस्ता चालू असतो, दोन झाल्या की दोन रस्ते, आणि आतलं ग्राफिक रॅमवरच जगत असल्याने त्याला याचा सरळ फायदा. आय५ घेणाऱ्यांनी तर हे लक्षातच ठेवा, जाहिरातीत आयरिस एक्सई ग्राफिक लिहिलेलं असतं आणि एकच स्टिक असेल तर विंडोज तेच ग्राफिक साधं यूएचडी म्हणून दाखवतं. दुसरी स्टिक टाकली की नाव बदलतं.

४ जीबीचं विचारूच नका. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे हे खरं, पण त्यात विंडोज चालू होतं, चालत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत विंडोज एक्सपीचं मशीन होतं, एक्सपीची किमान अट ६४ एमबी होती, आम्हाला २५६ दिलेली आणि तरी टायपिंग करताना मागे बघावं लागायचं, किमान हा शब्द तेव्हापासून ओळखून आहे. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीच्या जागी येणारी स्वस्तातली साठवण) वाले जे वीस हजारांच्या आतले नवे विंडोज लॅपटॉप असतात त्यापेक्षा त्याच पैशात जुना ऑफिसवाला, थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांतला काही, घ्यावा असं माझं मत. त्यांत बहुतेक वेळा स्लॉट असतात. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची बघा, त्याच्या मागच्याला विंडोज ११ रीतसर चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

दुसऱ्या टोकाला, मोठ्या कंपन्यांनी आपली पायरी सोळावर नेलीच आहे. अ‍ॅपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची सुरुवात आठवरून सोळा केली, किंमत न वाढवता. मायक्रोसॉफ्टचा तो कोपायलट प्लस पीसीचा (एआयवाल्या लॅपटॉपचा) शिक्का हवा असेल तर किमान सोळा लागते. लेकीचे सीनियर म्हणतात तिसऱ्या वर्षात अँड्रॉइड येईल, आणि अँड्रॉइड स्टुडिओ (फोनची अ‍ॅप्स बनवायचं सॉफ्टवेअर) एमुलेटरसकट, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नकली फोनसकट, चालवायचा तर गूगलच किमान १६ सांगतं. म्हणजे कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांसाठी तीन-चार वर्षांचा विचार केला तर सोळाला पर्याय नाही, प्रश्न फक्त आज घ्यायची की उद्या वाढवायची.

आणि इथेच माझा हिशेब उलटलाय. जानेवारी २०२६ मध्ये शेजारच्या ताईंच्या मुलासाठी तीच स्टिक आणायला त्याच दुकानात फोन केला, तर २,१०० ची ५,२०० सांगितली. मला वाटलं चेष्टा करतोय. तो म्हणाला, मॅडम, उद्या विचाराल तर वेगळा भाव असेल, सोन्यासारखं झालंय. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी महागडी मेमरी बनवण्याकडे कंपन्या वळल्या, आपल्या साध्या स्टिकला माल कमी. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर क्रुशल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करायचं जाहीर केलं, म्हणजे माझ्या लॅपटॉपमध्ये बसलीय ती जात. त्यामुळे "आठ घ्या, नंतर वाढवा" हे मी मे महिन्यात सगळ्यांना सांगत फिरत होते ते आता तसंच्या तसं सांगत नाही. ताईंना म्हटलं, जुन्या भावातला सोळावाला लॅपटॉप कुठे शिल्लक असेल तर तोच उचला, वरचे पाच हजार आज स्टिकच्याच भावात जातात. नाहीच मिळाला तर मोकळ्या स्लॉटचा आठवाला, आणि भाव उतरेपर्यंत स्टार्टअप साफ ठेवून काढायचे दिवस. सोल्डर केलेला आठवाला मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी, आणि सोल्डर केलेला सोळावाला मिळाला तर बिनधास्त घ्या. त्या मुलाने "मावशी, पण यात मेमरी ५१२ आहे की" म्हणून मला एक जाहिरात पाठवली, ती एसएसडी रे बाळा, रॅम खाली लिहिलीय बघ, ४. फोनवाल्यांनी "आठ अधिक आठ व्हर्च्युअल" असलं काहीतरी सांगून सगळ्यांचा घोळ करून ठेवलाय, ती पण रॅम नसते, फोनच्या स्टोरेजमधला तुकडा असतो.

लॅपटॉपला एकूण पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा त्या स्क्रीनचा कापला, अर्धा त्या अँटीव्हायरसचा, आणि अर्धा बिजागरीचा, ती आताच करकरायला लागलीय. दोन स्लॉट नसते तर दोनच दिले असते.

भाऊजींचा तो जुना रायझन अजून आहे, त्यावर आता लिनक्स मिंट टाकलंय आणि माझे सासरे त्यावर भजनं आणि बातम्या ऐकतात, तेवढ्याला आठ जीबी भरपूर होते. आमच्यावाल्याचे दहा स्क्रू काढले होते, लावताना नऊच भरले. बारीक वाटीतला एक गेला. सोफा सरकवून झाला, केर चाळून झाला, गणपती येऊन गेले, दिवाळीची साफसफाई झाली, अजून सापडलेला नाही, डावा मागचा कोपरा किंचित फुगलेला दिसतो तो त्यामुळे.